राजापूर लोकसभा मतदारसंघ: तेरा निवडणुका, चार खासदार आणि एक पुनर्रचना

विषय आणि मर्यादा

राजापूर हा लोकसभा मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीत अस्तित्वात होता आणि २००४ च्या निवडणुकीनंतर तो उरला नाही. २००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्या पुनर्रचनेत त्याची जागा रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघाने घेतली. तळकोकणात या घटनेविषयी बोलताना दोन गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. नाथ पै आणि मधु दंडवते यांना दिल्लीत पाठवणारा मतदारसंघ गेला, आणि तो गेल्यामुळे तशी निवड करण्याची परंपराही गेली, असा हा सूर असतो. प्रस्तुत अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या आहेत. मतदारसंघ का गेला, याचे उत्तर लोकसंख्येच्या भागाकारात आहे, तर परंपरा कधी बदलली, याचे उत्तर त्याआधीच्या निवडणुकांत आहे. निवडून आलेले लोकप्रतिनिधी आणि पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष वगळता येथे कुणा व्यक्तीचा नामोल्लेख केलेला नाही.

पार्श्वभूमी

नावाने राजापूर असला, तरी या मतदारसंघाचा मोठा भाग आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात होता. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड या विधानसभा मतदारसंघांच्या जोडीला राजापूर आणि त्याच्या आसपासचा रत्नागिरीचा दक्षिण भाग, अशी त्याची ठेवण होती. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. मतदारसंघाला उत्तर टोकाच्या गावाचे नाव का मिळाले, हा प्रश्न दक्षिणेकडच्या मतदाराला कधी फारसा पडला नाही. त्याच्या लेखी मतदारसंघ म्हणजे खासदाराचे नाव.

तसे वाटण्याला आधारही होता. १९५७ ते २००४ या काळात येथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार व्यक्ती निवडून आल्या. बॅ. नाथ पै तीन वेळा (१९५७, १९६२, १९६७), प्रा. मधु दंडवते पाच वेळा (१९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९), सुधीर सावंत एकदा (१९९१) आणि सुरेश प्रभू चार वेळा (१९९६, १९९८, १९९९, २००४). काँग्रेसला ही जागा या तेरापैकी फक्त एकदा, १९९१ मध्ये मिळाली. महाराष्ट्रासारख्या राज्यात ही गोष्ट साधी नव्हे.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाच्या झोपडी या चिन्हावर ते निवडून आले. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदार पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत असे. झोपडीच्या पेटीत मत टाकणे ही त्या पिढीच्या दृष्टीने शब्दशः हाताने करायची कृती होती. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने त्याच वर्षी जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांना निवडून दिले होते आणि जनसंघाला साऱ्या देशात मिळालेल्या चार जागांपैकी ती एक होती. म्हणजे काँग्रेसला नकार देण्याची सवय अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याला त्या वर्षी लागली होती. फरक पडला तो पुढे. १९६२ मध्ये लाट ओसरली, काँग्रेसने राज्यातील ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या, रत्नागिरीही परत घेतली, आणि राजापूर मात्र नाथ पैंकडेच राहिले. हा मतदारसंघ लाटेवर नव्हे तर माणसावर चालतो, याचा पहिला पुरावा १९६२ चा आहे.

पहिला निर्णयबिंदू: १९७१

नाथ पै यांचे १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे निधन झाले. लोकसभा त्याआधीच, डिसेंबर १९७० च्या अखेरीस विसर्जित झाली होती आणि निवडणूक मार्चमध्ये होणार होती. पक्षाच्या हाती सहा-सात आठवडे होते. अशा वेळी स्थानिक कार्यकर्त्याला उभे करून सहानुभूतीवर विसंबणे हा एक मार्ग होता. पक्षाने निवडला तो दुसरा. अहमदनगरमध्ये जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे आणि नुकतेच विधान परिषदेत गेलेले मधु दंडवते यांना राजापूरची उमेदवारी मिळाली.

बाहेरचा उमेदवार देणे हे धाडस होते, आणि तेही इंदिरा गांधींच्या त्या निवडणुकीत. काँग्रेसने राज्यातील ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. प्रजासमाजवादी पक्षाला देशभरात दोन जागा मिळाल्या आणि त्यांपैकी एक राजापूरची होती. केवळ सहानुभूतीने हे घडले असे म्हणणे अपुरे आहे, कारण सहानुभूती एका निवडणुकीपुरती पुरते आणि दंडवते पाच निवडणुका जिंकले. माझ्या मते पक्षाने येथे मतदाराची नस अचूक ओळखली होती. या मतदाराला गावचा माणूस नको होता असे नाही, पण संसदेत उभा राहून बोलणारा माणूस त्याला त्याहून अधिक हवा होता. नाथ पैंनी चौदा वर्षांत त्याला ती सवय लावली होती.

दंडवत्यांच्या कारकिर्दीतील एक तपशील मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे. आणीबाणीत बंगळूरच्या कारागृहात राहून आलेला हा खासदार १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाला आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णय त्याने घेतला. ज्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एकही रूळ नव्हता, त्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने साऱ्या देशाच्या पाठीखाली गादी घातली. तळकोकणातला माणूस मात्र मे महिन्यात आणि गणपतीत एसटीच्या बाकावर रात्र काढून घाट उतरतच होता, आणि तरीही त्याने १९८० मध्ये आणि १९८४ मध्ये दंडवत्यांनाच मत दिले. १९८४ ची निवडणूक विशेष. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या आणि जनता पक्षाचे साऱ्या देशात दहा खासदार आले. त्या दहांत राजापूर होते.

या वीस वर्षांत दंडवत्यांचे चिन्ह तीनदा वेगळे होते: आधी झोपडी, मग चक्रातील नांगरधारी शेतकरी, शेवटी जनता दलाचे चक्र. पक्ष फुटत होते, जुळत होते, नाव बदलत होते. मतदार दर वेळी नवे चिन्ह शोधून जुन्याच माणसाला मत देत होता. एका अर्थी हे मतदारसंघाचे बळ होते. दुसऱ्या अर्थी हीच त्याची कच्ची बाजू होती, कारण चिन्हाशी आणि शाखेशी नाते न जडलेला मतदार माणूस बदलताच मोकळा होतो.

दुसरा निर्णयबिंदू: १९९१

१९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. कोकण रेल्वेसाठी इतका अनुकूल योग आधी कधी आला नव्हता. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरमध्ये सरकार पडले. पुढच्या जूनमध्ये, राजीव गांधींच्या हत्येनंतर, राजापूरमध्ये मतदान झाले आणि दंडवते हरले. लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

रेल्वे आणणारा माणूस रेल्वे येण्याआधीच पडला, ही हळहळ आजही ऐकू येते. पण त्या हळहळीत एक गोष्ट झाकली जाते. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने कोकणात जम बसवला होता. मुंबईच्या गिरणगावात, चाळींत आणि बँकांत नोकरी करणारा चाकरमानी शाखेत जात होता, आणि गावच्या घरात त्याच्या पत्राला व मनीऑर्डरीला जे वजन होते तेच त्याच्या राजकीय मतालाही होते. काँग्रेसविरोधी मत जे इतकी वर्षे एका समाजवादी प्राध्यापकाच्या पदरात पडत होते, त्याला आता धनुष्यबाण हे दुसरे घर मिळाले. समाजवाद्यांकडे या बदलाला तोंड देणारी गावपातळीवरची यंत्रणा नव्हती. वीस वर्षे एका व्यक्तीवर भिस्त ठेवल्यावर ती कुठून असणार? दंडवत्यांच्या नंतर कोण, हा प्रश्न १९७१ मध्ये सहा आठवड्यांत सोडवणाऱ्या परंपरेला वीस वर्षांत तो पुन्हा सोडवता आला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत महागात पडलेली चूक होय.

१९९६ मध्ये शिवसेनेने सारस्वत बँकेचे अध्यक्षपद भूषवलेले सनदी लेखापाल सुरेश प्रभू यांना उमेदवारी दिली. ही निवड राजापूरच्या जुन्या चवीला धरून होती. प्रभू वाजपेयी मंत्रिमंडळात पर्यावरण, रसायने व खते आणि ऊर्जा या खात्यांचे मंत्री झाले. चारदा निवडून आले. मात्र ऑगस्ट २००२ मध्ये पक्षनेतृत्वाच्या सांगण्यावरून त्यांना ऊर्जामंत्रिपद सोडावे लागले, आणि येथे बदललेले नाते स्पष्ट दिसते. नाथ पै आणि दंडवते यांच्या काळात पक्ष खासदाराच्या नावावर तगून होता. आता खासदार पक्षाच्या यंत्रणेवर निवडून येत होता. वरून चित्र तेच होते: अभ्यासू खासदार, दिल्लीत मान, पुन्हा पुन्हा विजय. आतली वीण वेगळी झाली होती, आणि हे पुनर्रचनेच्या कितीतरी आधी.

अडचण: भागाकार

आता मतदारसंघ गेला कसा, हे पाहू. राज्याची लोकसंख्या भागिले लोकसभेच्या जागा म्हणजे एका जागेची सरासरी. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५.०४ कोटी होती आणि जागा ४८, म्हणजे सरासरी साडेदहा लाख. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या जवळ होती. भागाकार येतो १.९. दोन जागा, रत्नागिरी आणि राजापूर, रास्त होत्या.

१९७६ मध्ये घटनादुरुस्तीने जागांची ही वाटणी गोठवली गेली. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना तोटा होऊ नये हा त्यामागचा विचार होता, पण गोठली ती राज्याराज्यांतील वाटणीबरोबर राज्यांतर्गत सीमाही. इकडे कोकणातून माणूस मुंबईला जातच राहिला. १९९१ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून २३.७६ लाख लोक होते आणि राज्याची सरासरी १६.४ लाखांवर गेली होती. भागाकार १.४५. २००१ मध्ये रत्नागिरीत १६ लाख ९६ हजार ७७७ आणि सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार ८२५ लोक मोजले गेले. राज्याची सरासरी २०.१८ लाख. भागाकार १.२७. तीस वर्षे सीमा जागच्या जागी राहिल्यामुळे हा उतार कुणाला दिसला नाही, आणि २००८ मध्ये तो एकदम कड्यासारखा समोर आला.

समोरचे पर्याय

पुनर्रचना कायदा २००२ मध्ये झाला आणि न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरली. विधानसभेच्या २८८ जागांची सरासरी ३.३६ लाख येत होती. त्या हिशेबाने सिंधुदुर्गाच्या वाट्याला २.५८ म्हणजे तीन आणि रत्नागिरीच्या वाट्याला ५.०४ म्हणजे पाच विधानसभा जागा आल्या. एकूण आठ. महाराष्ट्रात लोकसभेची एक जागा सहा विधानसभा जागांची. आठातून सहा गेले की दोन उरतात, आणि हे उरलेले दोन कुठे जोडायचे, एवढाच खरा प्रश्न होता.

आयोगाच्या दप्तरात कोणत्या पर्यायांवर किती खल झाला, हा या लेखाचा विषय नाही. आकड्यांवरून जे पर्याय दिसतात ते येथे तपासले आहेत. दोन्ही जागा तशाच ठेवायच्या तर प्रत्येकी सुमारे १२.८ लाखांचे मतदारसंघ झाले असते, राज्याच्या सरासरीहून छत्तीस टक्क्यांनी लहान. ठाण्या-पुण्याच्या मतदाराला ते मान्य होण्याचे कारण नव्हते आणि कायद्यालाही नव्हते. दुसरा पर्याय सिंधुदुर्गाच्या तीन जागांना घाटावरच्या कोल्हापूरच्या तीन जागा जोडण्याचा. त्यात सिंधुदुर्गाला निम्मा वाटा राहिला असता, पण मध्ये सह्याद्री उभा. भूरचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय या चारही कसोट्या कायद्यात लिहिलेल्या आहेत, आणि आंबोली किंवा फोंडा घाट उतरून चढून प्रचार करणारा उमेदवार त्यांपैकी एकाही कसोटीत बसत नाही. तिसरा पर्याय किनाऱ्याने उत्तरेकडे सरकण्याचा, आणि तोच स्वीकारला गेला.

प्रत्यक्ष कृती

सिंधुदुर्गाच्या आठ तालुक्यांचे तीन विधानसभा मतदारसंघ झाले. कणकवलीत देवगड आणि वैभववाडी आले, कुडाळात मालवण आले, सावंतवाडीत वेंगुर्ला आणि दोडामार्ग आले. मालवण, वेंगुर्ला आणि देवगड ही तीन नावे विधानसभेच्या यादीतून गेली. नाथ पैंचे वेंगुर्ले आता स्वतःच्या नावाने कुठेच मत देत नाही, याची खंत तिकडे वाटणे स्वाभाविक आहे. या तिघांना राजापूर, रत्नागिरी आणि चिपळूण जोडून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. उरलेले गुहागर आणि दापोली पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्या सोबत रायगडमध्ये गेले. रायगड जिल्ह्याच्या सातपैकी पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन मग घाट ओलांडून मावळात, पिंपरी आणि चिंचवडच्या पंगतीला बसले. जो सह्याद्री सिंधुदुर्गात ओलांडू नये असे म्हणता येते, तो बोरघाटात द्रुतगती महामार्गामुळे ओलांडता आला. दळणवळणाची कसोटी प्रत्यक्षात अशी चालते.

परिणाम

१६ मे २००९ रोजी नव्या मतदारसंघाची पहिली मतमोजणी झाली. चार वेळा जिंकलेले सुरेश प्रभू काँग्रेसच्या नीलेश राणे यांच्याकडून सुमारे ४७ हजार मतांनी हरले. पराभवाचे खापर नव्या सीमांवर फोडणे सोपे होते. परंतु २००५ मध्ये नीलेश यांचे वडील नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते आणि मालवणची पोटनिवडणूक जिंकून त्यांनी आपली यंत्रणा सोबत आल्याचे दाखवून दिले होते. ज्या यंत्रणेवर प्रभू निवडून येत, तिचा सिंधुदुर्गातला कणा त्यांच्या विरुद्ध उभा होता. पुनर्रचना झाली नसती तरी ही लढत सोपी नव्हती, उलट राजापूरच्या जुन्या सीमांत सिंधुदुर्गाचे वजन अधिक असल्याने ती अधिक अवघडच गेली असती.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. शिवसेनेचे विनायक राऊत २०१४ मध्ये सुमारे दीड लाख आणि २०१९ मध्ये सुमारे १ लाख ७८ हजार मतांनी जिंकले, दोन्ही वेळा नीलेश राणे यांच्या विरुद्ध. २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे यांनी राऊत यांचा सुमारे ४८ हजारांनी पराभव केला. चार निवडणुका आणि तीन खासदार, म्हणजे तेरांत चार हे राजापूरचे सातत्य आता नाही.

खासदाराच्या कामाची व्याप्तीही बदलली. बांद्याहून चिपळूणला जायचे तर महामार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापावे लागते, आणि दोन्ही गावे एकाच खासदाराची आहेत.

वेगळे काय करता आले असते

समाजवाद्यांच्या बाबतीत उत्तर वर आलेच आहे. १९८४ च्या विजयानंतर, म्हणजे बळ असताना, दुसरी फळी उभी करायला हवी होती. १९९१ मध्ये ते करण्याची वेळ टळून गेली होती.

पुनर्रचनेच्या बाबतीत माझे मत असे की अंतिम रेषा चुकलेली नाही, ती आखण्याची वेळ चुकली. राज्यांच्या जागा गोठवूनही राज्यांतर्गत सीमा दर जनगणनेनंतर सुधारता आल्या असत्या आणि १.९ वरून १.२७ वर येताना मध्ये एक-दोन पायऱ्या मिळाल्या असत्या. आयोगासोबत काम करणाऱ्या सहयोगी सदस्यांत आमदार-खासदार असतात, त्यांना मताचा अधिकार नसतो आणि सामान्य मतदाराला मसुदा प्रसिद्ध झाल्यावरच्या हरकतींपुरताच वाव मिळतो. तळकोकणातील संस्थांनी हरकतीच्या टप्प्यावर आकडेमोड करून बोलणे गरजेचे होते, कारण नाथ पै आणि दंडवते यांच्या नावाची आठवण हा हरकतीचा कायदेशीर आधार होऊ शकत नाही. नाव मात्र राखता आले असते. जिल्ह्यांची दोन नावे जोडण्याऐवजी राजापूर हेच नाव ठेवले असते तर एकाही मताचा हिशेब बिघडला नसता.

चाकरमान्यांचा प्रश्न उरतो. गावच्या घराला कुलूप, घरपट्टी गावची, आणि जनगणनेत नोंद मुंबई-ठाण्याची, अशी लाखो माणसे या दोन जिल्ह्यांची आहेत. त्यांना गावात मोजा, अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य होण्याजोगी नाही, कारण ज्या नळाचे पाणी आणि ज्या लोकलची गर्दी माणूस रोज सोसतो, तिथेच त्याचे प्रतिनिधित्व मोजले जाणार.

हा भागाकार अजून थांबलेला नाही. २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी १६ लाख १५ हजार ६९, सिंधुदुर्ग ८ लाख ४९ हजार ६५१. राज्याची सरासरी २३.४ लाखांवर पोहोचली आणि भागाकार १.०५ वर आला. जागांची संख्या आजचीच धरून या आकड्यांवर आखणी केली, तर सिंधुदुर्गाला दोन आणि रत्नागिरीला चार विधानसभा जागा येतात, बरोबर सहा. तसे झाले तर गुहागर आणि दापोली रायगडमधून परत येतील, आणि जुने रत्नागिरी व जुने राजापूर हे दोन्ही मतदारसंघ मिळून एकच खासदार निवडतील.